स्पर्शाचा माउस की बटणांचा माउस: आपल्या कामासाठी पारख कशी करावी

माउस विकत घेताना बहुतेक जण किंमत, रंग आणि वायर आहे की नाही एवढे पाहून मोकळे होतात. पण रोज सात-आठ तास ज्या वस्तूवर आपला हात राहणार आहे, तिची पारख याहून जास्त बारकाईने व्हायला हवी. बाजारात आज दोन घराणी आहेत. एकात डावे बटण, उजवे बटण आणि मध्ये फिरणारे चाक असते, तर दुसऱ्यात वरचा संपूर्ण पृष्ठभाग गुळगुळीत असून त्यावरून बोट कसे फिरते यावरून संगणक आपली आज्ञा ओळखतो. दोन्हींच्या पोटाखाली टेबलावरची हालचाल टिपणारा ऑप्टिकल किंवा लेसर सेन्सर असतोच, त्यामुळे पडद्यावरचा बाण किती अचूक हलतो हा प्रश्न येथे दुय्यम आहे. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेल्या डीपीआयच्या (म्हणजे सेन्सर किती बारीक हालचाल टिपतो याच्या) आकड्याचाही या निवडीशी संबंध नाही. खरा फरक वरच्या बाजूला, म्हणजे बोटांखाली आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. ज्यांच्या कामात बोट सरकवणे जास्त आहे, म्हणजे लांब मजकूर वाचणे, रुंद तक्ते आडवे पाहणे, चित्रफितीच्या पट्टीवर मागे-पुढे जाणे, त्यांना स्पर्शाचा माउस मनापासून आवडतो. ज्यांच्या कामात दाबणे, दाबून धरणे आणि न पाहता दाबणे जास्त आहे, त्यांनी बटणांचाच घ्यावा. आपण यांपैकी कोण, हे अंदाजाने न ठरवता तपासून ठरवता येते आणि ती तपासणी कशी करायची हे पुढे सांगितले आहे.

आत काय असते

बटणांच्या माउसमध्ये प्रत्येक बटणाखाली एक छोटा मायक्रोस्विच असतो. त्यात धातूची एक बारीक पट्टी स्प्रिंगसारखी ताणून बसवलेली असते; बटण दाबले की ती टकन दुसऱ्या बाजूला जाते आणि विद्युतमंडल पूर्ण होते. आपल्या कानाला येणारा ‘टक्’ आवाज आणि बोटाला लागणारा हलका झटका या पट्टीचाच असतो. डाव्या, उजव्या आणि चाकाखालच्या बटणाचे स्विच वेगवेगळे असल्यामुळे तिन्ही एकाच वेळी दाबले तरी संगणकाला ती तीन वेगळी बटणे म्हणून कळतात.

स्पर्शाच्या माउसमध्ये वरच्या कवचाखाली विद्युत्‌वाहक पट्ट्यांची जाळी असते. बोट जवळ आले की त्या ठिकाणची विद्युतधारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते आणि माउसमधली चिप तो बदल मोजून बोट कोठे आहे, किती बोटे आहेत आणि ती कोणत्या दिशेने चालली आहेत हे ठरवते. मोबाइलच्या पडद्यामागेही हेच तंत्र आहे. अ‍ॅपलने ऑक्टोबर 2009 मध्ये आणलेला मॅजिक माउस हे या घराण्याचे सर्वांत परिचित उदाहरण आहे, म्हणून पुढचे विवेचन मुख्यतः त्यालाच धरून आहे.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढची निम्मी तपासणी तिच्यावर उभी आहे. मॅजिक माउसमध्ये क्लिक स्पर्शाने होत नाही. त्याचे वरचे कवच पुढच्या बाजूला किंचित खाली दबते आणि आत क्लिकसाठी एकच यांत्रिक स्विच असतो. तो दाबला गेला की माउस स्पर्शाच्या जाळीला विचारतो, ‘बोट कोणत्या बाजूला आहे?’, आणि त्या उत्तरावरून क्लिक डावी की उजवी हे ठरते. त्यामुळे तर्जनी आणि मधले बोट दोन्ही पृष्ठभागावर टेकवलेली असताना मधल्या बोटाने दाबले, तर माउस पुष्कळदा त्याला डावी क्लिकच समजतो. उजवी क्लिक खात्रीने व्हावी यासाठी तर्जनी आधी उचलावी लागते. दोन्ही बटणे एकदम दाबणे तर या रचनेत शक्यच नाही.

आधी आपले काम लिहून काढा

दुकानात जाण्याआधी कामाचा एक नेहमीचा दिवस निवडावा आणि माउसने आपण काय काय करतो याकडे मुद्दाम लक्ष द्यावे. शेजारी कागद ठेवून साध्या डाव्या क्लिक सोडून बाकीच्या कृतींच्या खुणा कराव्यात: उजवी क्लिक, दाबून ओढणे, चाक दाबणे, उभे स्क्रोल, आडवे स्क्रोल, मागच्या पानावर जाणे, झूम. अर्धा दिवस खुणा केल्या तरी चित्र स्पष्ट होते. लेखापालाच्या कागदावर आडव्या स्क्रोलच्या आणि दाबून ओढण्याच्या खुणा दाट दिसतील, आराखडे काढणाऱ्या ड्राफ्ट्समनच्या कागदावर चाक दाबण्याच्या, तर हस्तलिखिते तपासणाऱ्या मुद्रितशोधकाच्या कागदावर जवळजवळ केवळ उभ्या स्क्रोलच्या. हा कागद सोबत नेला तर विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा त्याचाच जास्त उपयोग होतो.

दाबण्याची परीक्षा

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत माउस सहसा बंद खोक्यात मिळतात. तरीही दुकानदाराला विनंती केली तर एखादा उघडा नमुना हाताळायला मिळू शकतो. अ‍ॅपलच्या अधिकृत दुकानांत तर मांडलेल्या संगणकांना तो जोडलेलाच असतो. कार्यालयात कोणा सहकाऱ्याकडे असेल तर दोन दिवस मागून घ्यावा, हे सर्वांत उत्तम.

पहिली परीक्षा उजव्या क्लिकची. फोल्डरमधल्या दहा-बारा फायलींवर पाठोपाठ उजवी क्लिक करावी आणि वेग आपला नेहमीचाच ठेवावा, मुद्दाम सावकाश करू नये. मध्येच एखादी फाइल केवळ निवडली गेली आणि मेनू उघडला नाही, तर आपले दुसरे बोट माउसवर टेकलेले राहते असे समजावे. ही सवय बदलते, पण बदलेपर्यंत रोज चिडचिड होते आणि काहींच्या बाबतीत ती कधीच पूर्ण बदलत नाही. सवयीसाठी दोन आठवडे द्यायची तयारी असेल तरच पुढे जावे.

दुसरी परीक्षा दाबून धरण्याची. एक्सेलमध्ये एका खान्यावर क्लिक दाबून पाच-सहाशे ओळी खाली ओढत न्यावे आणि मग न सोडता निवड थोडी वर घ्यावी. बुटक्या, चपट्या माउसवर हे करताना बोटाने दाबायचे आणि त्याच वेळी अंगठा व करंगळीने माउस कडांना चिमटीत धरायचा अशी दुहेरी कसरत होते. मॅजिक माउसची उंची सुमारे 21.6 मिलिमीटर आहे. तळहात त्यावर विसावत नाही, हवेत राहतो. उंच पाठीच्या बटणांच्या माउसवर हेच काम तळव्याच्या भारावर होते आणि बोटांना फक्त दाबावे लागते. हात मोठा असेल तर हा फरक काही मिनिटांतच जाणवतो.

तिसरी परीक्षा लोक सहसा विसरतात. माउसवर बोटे नेहमीसारखी टेकवून पडद्यावरचा एखादा लेख काही वेळ नुसता वाचत बसावे. वाचताना पान आपोआप हलले, किंवा ब्राउझर न सांगता मागच्या पानावर गेला, तर त्या माउसला आपली विसावलेली बोटे आणि आज्ञा देणारी बोटे यांतला फरक कळत नाही. ऑनलाइन अर्ज भरताना मागच्या पानावर जाणे म्हणजे पुष्कळदा भरलेली माहिती पुसली जाणे. शासकीय संकेतस्थळांवर लांबलचक अर्ज भरणाऱ्यांनी या परीक्षेला सर्वांत जास्त महत्त्व द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

स्क्रोलची परीक्षा

स्पर्शाच्या माउसची खरी श्रीमंती येथे आहे. मायक्रोसॉफ्टच्या 1996 च्या इंटेलिमाउसने स्क्रोलचे चाक घराघरांत पोहोचवले आणि आजही बहुतेक साधी चाके त्याच पद्धतीने चालतात: चाक एक खाच पुढे गेले की पान ठरावीक ओळी सरकते. विंडोजमध्ये ही संख्या मुळात तीन ओळी असते. स्पर्शाच्या पृष्ठभागावर खाच नसते. बोट केसभर हलवले तर पान केसभर हलते, झटका दिला तर ते आपल्याच वेगाने घरंगळत जाते आणि हळूहळू थांबते. शिवाय उभे, आडवे, तिरके असे कोणत्याही दिशेने एकाच बोटाने जाता येते. जिल्हानिहाय आकडेवारीचा चाळीस स्तंभांचा तक्ता पाहताना, किंवा मोठ्या नकाशावर कोकण किनाऱ्याने खाली सरकताना, हे सुख चाकाच्या माउसवर मिळत नाही. चाकाने आडवे जायचे तर ब्राउझरमध्ये शिफ्टची कळ दाबून चाक फिरवावे लागते. थोड्या महागड्या बटणांच्या माउसमध्ये ही उणीव भरून काढलेली असते. लॉजिटेकच्या एमएक्स मास्टर 3 ला आडव्या स्क्रोलसाठी अंगठ्यापाशी दुसरे चाक आहे.

मात्र खाच नसणे ही प्रत्येक कामात सोय नसते. आराखडे काढण्याच्या ऑटोकॅड या सॉफ्टवेअरमध्ये चाकाने झूम होतो, चाक दाबून धरले की आराखडा सरकतो आणि चाकावर दोनदा दाबले की संपूर्ण आराखडा पडद्यावर मावतो. ड्राफ्ट्समनचा हात या तिन्ही गोष्टी विचार न करता करतो आणि प्रत्येक खाचेला किती झूम होणार हे त्याच्या बोटाला ठाऊक असते. तेच काम स्पर्शाच्या माउसवर केले की बोटाच्या एका घसरणीत इमारत ठिपक्याएवढी होते, नाहीतर पडद्यावर एकाच भिंतीची रेष उरते. ‘झूमफॅक्टर’ ही ऑटोकॅडमधली किंमत मुळात 60 असते. ती कमी केली की झूमचा वेग कमी होतो, पण मधले बटणच नसल्यामुळे आराखडा सरकवण्याची अडचण तशीच राहते. त्रिमित चित्रे घडवण्याच्या ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्येही दृश्य फिरवण्याचा भार मधल्या बटणावर असतो. तेथे तीन बटणांच्या माउसची नक्कल करण्याचा पर्याय आहे, परंतु ती नक्कलच आहे. स्थापत्य, यंत्र किंवा त्रिमित आराखड्यांचे काम करणाऱ्यांनी स्पर्शाचा माउस मुख्य साधन म्हणून घेऊ नये, हे मी कोणताही आडपडदा न ठेवता सांगतो. संगणकावरचे नेमबाजीचे खेळ खेळणाऱ्यांनाही हेच लागू आहे, कारण तेथे उजवे बटण धरून डावे दाबावे लागते.

स्क्रोल तपासताना आणखी एक प्रयोग करावा. एखाद्या अर्जात संख्येचा रकाना किंवा निवडीची यादी उघडी असताना तिच्यावरून बाण नेऊन स्क्रोल करावे. काही प्रणालींत अशा वेळी पान न सरकता रकान्यातली किंमतच बदलते. चाकाची खाच बोटाला लागल्यामुळे हा बदल निदान लक्षात येण्याची शक्यता असते. निःशब्द स्पर्शात तो नजरेतून सुटू शकतो. पैशांच्या नोंदी करणाऱ्यांनी हा प्रयोग आपल्या नेहमीच्या प्रणालीत करून पाहावा.

आपला संगणक कोणता?

स्पर्शाचे हावभाव, म्हणजे बोटांच्या ठरावीक हालचालींनी दिलेल्या आज्ञा, माउसइतकेच विंडोज किंवा मॅक यांसारख्या संगणकाच्या मूळ प्रणालीवरही अवलंबून असतात आणि खरेदीत सर्वांत जास्त फसगत येथेच होते. मॅजिक माउस विंडोजच्या संगणकाला ब्लूटूथने जोडला तर बाण हलतो आणि क्लिक होते. पण स्क्रोल चालण्यासाठी वेगळा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला ते साधन ओळखायला शिकवणारे छोटे सॉफ्टवेअर, लागतो आणि मॅकवरचे बाकीचे हावभाव मिळत नाहीत. म्हणजे ज्या गुणासाठी पैसे मोजले तोच गुण हाती लागत नाही.

याची उलट बाजूही इतिहासात दिसते. मायक्रोसॉफ्टचा 2011 चा टच माउस विंडोज 7 साठी घडवलेला होता. दोन बोटांनी खिडक्या कडेला लावणे, तीन बोटांनी सर्व उघड्या खिडक्या एकत्र दाखवणे असे त्याचे हावभाव होते. लॉजिटेकने 2012 मध्ये आणलेले टी 400 आणि टी 620 हे माउस विंडोज 8 च्या नव्या मांडणीकडे पाहून तयार झाले. पुढे विंडोजची मांडणी बदलली, ते माउस बाजारातून गेले आणि त्यांच्या खास हावभावांचे प्रयोजनही उरले नाही. या काळात तीन बटणे आणि चाक मात्र विंडोज, मॅक आणि लिनक्स या सर्वांवर, कोणताही ड्रायव्हर न टाकता, चालत राहिले. घरी एक आणि कार्यालयात दुसरी प्रणाली असेल, किंवा सायबर कॅफेत, शाळेत, ग्रामपंचायतीत एकाच माउसवर अनेकांचे हात पडणार असतील, तर बटणांचा माउसच योग्य.

घेतल्यावर करायची मांडणी

मॅकवर ‘सिस्टिम सेटिंग्ज’मध्ये ‘माउस’ उघडावे. सर्वांत आधी ‘सेकंडरी क्लिक’ म्हणजे उजवी क्लिक सुरू आहे का ते पाहावे, कारण ती बंद असल्यामुळे माउसच बिघडला असे समजून तो परत करणारे लोक आहेत. डावखुऱ्यांनी येथेच डावी बाजू निवडावी; मॅजिक माउस दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे डाव्या हातालाही तो तितकाच चालतो आणि उजव्या हातासाठी वळण दिलेल्या अनेक बटणांच्या माउसना ही सोय नसते. पान वाचताना ब्राउझर मागे जात असेल तर पानांमधून सरकण्याचा हावभाव सरळ बंद करावा. एकाच वेळी सगळे हावभाव सुरू ठेवण्यापेक्षा आधी केवळ स्क्रोल आणि उजवी क्लिक ठेवावी, आणि हात बसला की एकेक वाढवावा. पान फार घरंगळत असेल तर ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’मधील ‘पॉइंटर कंट्रोल’मध्ये जाऊन माउसच्या पर्यायांत स्क्रोलचा वेग कमी करता येतो. मधल्या क्लिकवाचून अडत असेल तर बेटरटचटूल या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने एखादा हावभाव तिच्यासाठी नेमून देता येतो. पण दिवसातून शंभरदा लागणारी गोष्ट अशा आधारावर ठेवू नये.

बटणांच्या माउसची मांडणी सोपी आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’खाली ‘माउस’मध्ये एका खाचेला किती ओळी सरकाव्यात हे ठरवता येते, लांब मजकूर वाचणाऱ्यांनी पाच-सहा ओळी ठेवून पाहाव्यात.

निगा आणि दुरुस्ती

चाकाच्या माउसचे दुखणे ठरलेले असते. काही वर्षांनी मायक्रोस्विचमधली पट्टी थकते किंवा तिच्यावर गंज चढतो आणि एका दाबण्यात दोन क्लिक होऊ लागतात. फोल्डरवर सावकाश एकदाच दाबावे. तो उघडला तर स्विच गेला असे समजावे. तीन पायांचा हा स्विच स्वस्त असतो आणि सोल्डरिंग येणारा कोणताही कारागीर तो बदलून देतो. चाकाच्या फटीत अडकलेले केस आणि धूळ यांमुळे स्क्रोल उलटसुलट उड्या मारू लागतो, तो बारीक ब्रशने साफ केल्यास पुष्कळदा सुधारतो.

स्पर्शाच्या पृष्ठभागाला फट नसल्यामुळे धुळीचा त्रास होत नाही. मऊ, किंचित ओल्या कापडाने पुसले की झाले. मात्र बोट ओले असेल तर धारकतेचे मोजमाप बिघडते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत, पंख्याखाली काम करताना तळव्याला घाम येत असेल तर स्क्रोल अडखळतो. हात पुसण्यासाठी रुमाल जवळ ठेवावा लागतो. 2009 च्या पहिल्या मॅजिक माउसमध्ये दोन साधे एए सेल होते आणि ते कोठेही मिळत. 2015 च्या दुसऱ्या आवृत्तीपासून बॅटरी आत बंदिस्त झाली आणि चार्जिंगचे छिद्र माउसच्या पोटावर आले, त्यामुळे चार्ज होत असताना तो वापरता येत नाही. 2024 मध्ये छिद्र यूएसबी-सीचे झाले, पण जागा तीच राहिली. एकदा पूर्ण चार्ज केला की तो साधारण महिनाभर चालतो, आणि दोन मिनिटांच्या चार्जवरही दिवसाचे काम निघते, त्यामुळे ही अडचण ऐकायला वाटते तेवढी मोठी नाही. बॅटरी म्हातारी झाल्यावर ती बदलणे मात्र गल्लीतल्या कारागिराच्या आवाक्यातले नाही. साधा वायरचा माउस काही शे रुपयांत येतो आणि हा काही हजारांत, हे लक्षात घेतले तर दुरुस्तीचा मुद्दा खरेदीच्या आधीच विचारात घ्यायला हवा.

दोन्ही हातांनी काम

परीक्षा करूनही मन दोन्हीकडे ओढत असेल, म्हणजे कागदावर स्क्रोलच्या आणि मधल्या बटणाच्या अशा दोन्ही खुणा दाट असतील, तर एकाच माउसकडून सगळे करून घेण्याचा हट्ट सोडावा. संगणक दोन साधने एकाच वेळी स्वीकारतो. उजव्या हाताला भरीव पाठीचा, तीन बटणांचा माउस ठेवावा आणि सरकवण्याचे काम डाव्या हाताखालच्या टचपॅडला द्यावे. लॅपटॉप असेल तर तो टचपॅड आधीच आपल्यापाशी असतो आणि त्यासाठी वेगळा खर्चही नाही. चित्रफिती संपादित करणाऱ्यांना आणि मोठे तक्ते हाताळणाऱ्यांना ही जोडी फार लवकर जमते. उजवा हात खान्यावर स्थिर असताना डावा हात तक्ता पुढे सरकवत राहतो, आणि मनगटावरचा भारही दोन हातांत वाटला जातो. मॅकवर असे करताना एक अडचण येते: ‘नॅचरल स्क्रोलिंग’ (बोट जिकडे जाईल तिकडेच मजकूर सरकवणारी मांडणी) माउससाठी बंद केले की टचपॅडसाठीही बंद होते, त्यामुळे एका हाताची दिशा सुलट आणि दुसऱ्याची उलट वाटू लागते. स्क्रोल रिव्हर्सर हे छोटे मोफत सॉफ्टवेअर टाकून त्यात केवळ माउसची दिशा उलटी करण्याची खूण केली की दोन्ही हात आपापल्या सवयीने चालतात.